तीन अहवाल आणि एक फळा

लोक काय बोलतात याला फारसे महत्त्व नसते. त्यातून सार काय निघते, याला असते. सरकी काढल्याशिवाय कापसाला भाव नाही, हे नांदुऱ्याच्या जिनिंग कारखान्यात कोणीही सांगेल.

म्हणून नवे मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षे होताच, ‘बाया बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत?’ या प्रश्नावर संग्रामपूरकडच्या एका गावी, दवाखान्यातच, आरोग्य कर्मचाऱ्यांचा सार-संकलन वर्ग भरला. प्रशिक्षक नारायणराव पुण्याहून आले. तक्ते आणले, टाचण्या आणल्या, खडू तर पेटीभर आणले. फळा तेवढा राहिला. आता फळ्याशिवाय ज्ञान टेकणार कुठे? तेव्हा बाळंतिणीच्या खोलीचे दार काढले, काळे रंगवले आणि वर्गात उभे केले. (खोली तशीही रिकामीच असे.)

मग तीन तुकड्या गावात जाऊन तीन अहवाल घेऊन आल्या. पहिल्यात वच्छलाबाईचे म्हणणे होते: “माह्या सुनेचं, चांगुणाचं, पह्यलं लेकरू घरीच गेलं. या खेपेले तिले दवाखान्यातच आणीन. पन खोलीले दार काऊन नाही जी? पारावरची मानसं सरळ आत पाह्यतात!” उरलेल्या दोन अहवालांतल्या बायाही दारावरच अडल्या होत्या.

नारायणराव खुलले. पद्धतीची पहिली पायरी म्हणजे पुनरुक्ती गाळणे. दार तिन्ही अहवालांत आले होते, सबब तिन्हींतून गाळण्यात आले. दुसरी पायरी, वस्तूकडून भावनेकडे जाणे. ती चढताच फळ्यावर सुवाच्य अक्षरात सार उमटले: ‘स्त्रियांच्या मनाची दारे बंद आहेत.’ एकशे चार टक्के एकमत झाले (चहावाल्याचे मत धरून).

समारोपाच्या दिवशी वच्छलाबाई कळा देणाऱ्या चांगुणाला घेऊन धडकली. फळा पाहून ती थबकलीच.

“अहो मास्तर, हे तर खोलीचं दार हाय! द्या ना लवकर, पोरगी अडून राह्यली!”

“बाई, त्यावर सार आहे,” नारायणराव हळहळून म्हणाले. “साहेबांनी पाहायचे आहे अजून.”

वच्छलाबाईने मास्तरांचा नाद सोडला आणि आळीला हाक दिली. जनकाबाई आली, मनकर्णाबाई आली, हातातली भाकर टाकून आणखी चार जणी आल्या. सगळ्या पाराकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून चौकटीत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आतून लेकरू असे काही रडले की पारावरची माणसेही उठून हसू लागली. वच्छलाबाई तर हसता हसता रडलीच.

नारायणरावांनी लगेच फळ्यावर भर घातली: ‘वर्गामुळे दारे उघडली.’ आता हे पुसून दार जागेवर बसवणे तर कोणाच्याच हातात राहिले नाही.

वाचकहो, इथवर येईतो तुम्हीही मनात म्हणालातच, “सरकारी कारभार, दुसरं काय!” अभिनंदन! तीनशे शब्दांचे सार तुम्ही तीन-चार शब्दांत काढलेत. तुमचे सार-संकलनाचे प्रमाणपत्र बाळंतिणीच्या खोलीत ठेवले आहे. केव्हाही घेऊन जा, दार वाजवायची गरज नाही.