वसंतरावांची चौकशी आणि खोकणारी फियाट

"जयपुरात बघण्यासारखं दोनच, प्रतिमा. एक हवामहल, दुसरा मी," वसंतराव चहा ओतता ओतता म्हणाले. "गुन्हेगाराला नुसतं माझ्यासमोर बसवा, त्याला दरदरून घाम फुटतो."

जानेवारीचा कडाका होता आणि अख्ख्या वैशाली नगरात कुणाला घाम फुटत नव्हता, पण प्रतिमाने नुसता कप पुढे केला. वसंतराव विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांच्या दाव्यांची चौकशी करत. तेवढ्या जोरावर त्यांनी स्वतःला डिटेक्टिव्ह करून टाकलं होतं आणि बायकोला, न विचारता, मदतनीस.

आता खुद्द घरची फियाट बिघडली होती. रविवारपासून ती सुरू व्हायची, अंगात आल्यासारखी थरथरायची, मागून काळा धूर सोडायची आणि सिग्नलला खोकून बंद पडायची. पेट्रोलचा वास तर पार स्वयंपाकघरापर्यंत.

प्रतिमाचा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी चौमूं गावाच्या पलीकडच्या एका शाळेत संगीतशिक्षिकेसाठी तिची मुलाखत होती, आणि पेटी घेऊन तिथवर जायचं तर गाडीच हवी. आजवर जिथे तिला नोकरी लागली, तिथून वसंतरावांची बदली झाली. या वेळी तिला ती नोकरी हवीच होती.

"गाडी दुरुस्तीला टाका ना हो!"

"आधी चौकशी!" वसंतरावांनी बॉनेटवर कागदाची पट्टी चिकटवली, वर सही ठोकली. ऑफिसात हीच पद्धत. "पुराव्याला कुणी हात लावायचा नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मी तर मुळीच नाही. मी डोक्याने काम करतो."

पहिला संशय पेट्रोलपंपावर. वसंतरावांनी बाटलीत पेट्रोल घेऊन हुंगलं, ओळीने शिंका दिल्या आणि भेसळ जाहीर केली. दुसऱ्या पंपावर टाकी भरली. फियाट तश्शीच खोकली.

मग शेजारचे मनोहरजी. "रोज विचारतो, गाड़ी कब बेच रहे हो. त्यानेच टाकीत साखर घातली."

"अहो, त्यांना मधुमेह आहे!"

"तेच म्हणतोय मी! मधुमेहाचा माणूस घरातली साखर टाकणार कुठे?"

प्रतिमाने कपाळावर हात मारला. गुरुवारी तिनेच मुरलीपुऱ्याहून दशरथ मेकॅनिकला बोलावून आणलं. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहब, लगता है कार्बोरेटर को हवा नहीं मिल रही. बोनट खोलूँ?"

"खबरदार!" वसंतराव पट्टीसमोर आडवे उभे राहिले. दशरथ वैतागून निघून गेला, तसे ते बायकोकडे वळले. "बघितलंस? बॉनेट न उघडता याला आतलं कसं कळलं? आतलं फक्त गुन्हेगाराला ठाऊक असतं!"

शुक्रवारी सकाळी प्रतिमा नेसून तयार झाली, पेटी मागच्या सीटवर ठेवली. थंडीने घसा धरू नये म्हणून तिने वसंतरावांचा तपकिरी मफलर शोधला. तो कुठे सापडेना.

"अहो, मफलर कुठाय?"

"फुटकळ प्रकरणं नंतर."

"माझा आवाज बसला तर मुलाखत गेली! शेवटचा कधी बांधला होतात, तेवढं सांगा."

"शनिवारी, गाडीवर कव्हर घालताना. काय गारठा होता! म्हटलं, आपलं नाक गोठतंय, तर गाडीचं नाक..."

वसंतराव थांबले.

"गाडीचं नाक काय?" प्रतिमाने विचारलं. तिने पट्टी टर्रकन फाडली, बॉनेट उचललं. ज्या नळीतून कार्बोरेटर हवा ओढतो, तिच्या तोंडावर तपकिरी मफलर दुहेरी गाठ मारून बांधला होता. लेक लहान असताना वसंतराव तिचे कान असेच बांधायचे. रागाच्या भरातही प्रतिमाला हसू आलं.

मफलर सुटला आणि फियाट शहाण्यासारखी चालू लागली.

"गुन्हेगार घरातलाच आहे, हे मी ओळखलं होतं," वसंतराव म्हणाले. "सर्दी होऊ नये म्हणून बांधला गं. मग पहाटे सोडायला विसरलो."

"गाडीला सर्दी?"

"मी पडलो सांगलीचा, मला काय कळणार इथल्या थंडीतलं!"

प्रतिमाने त्यांना पलीकडे सरकायला सांगितलं आणि शाळेपर्यंत गाडी स्वतः चालवली.

दुपारी ती शाळेबाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"नाही घेतलं ना?" वसंतराव हळहळले. "तुझ्या चालण्यावरूनच ओळखलं."

"घेतलं! सोमवारपासून यायचंय."

वसंतरावांचा चेहरा खुलला. मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण पुढच्या वर्षी माझी बदली..."

"तुमची ना? तुम्ही जा. मी इथे राहणार."

चौमूंचा बाजार मागे पडेपर्यंत वसंतरावांनी विचार केला. या वेळी त्यांना कुणाचाच संशय घेता येईना.

"मग मी सुट्टीला येत जाईन," ते हळूच म्हणाले. "चालेल?"

"या की," प्रतिमाने गिअर बदलला. "गाडी मात्र माझ्याकडे राहील."