आंबेखोलच्या भरतीची परवानगी

आंबेखोल बंदरात आत येण्यासाठी भरतीला ब्रिटिश आरमाराची परवानगी लागत असे, आणि ती दिवसातून दोनदा सगुण तारी देत असे.

काम तसं अवघड नव्हतं. वेळ झाली की समुद्र धक्क्यापासून दहा हातांवर येऊन थांबायचा. सगुण खाकी सदऱ्याची बटणं लावून काठीवर निळं निशाण चढवायचा. मग समुद्र आत यायचा आणि चिखलात बसलेल्या होड्या उचलायचा.

ही पद्धत १८३८ सालची. त्या वर्षी एक इंग्रज कप्तान इथे उतरला होता. त्याची न्याहारी चालू असताना भरती न विचारता आली, म्हणून त्याने समुद्राच्या नावे लेखी हुकूम काढला. त्या काळी इंग्रजांचं आरमार म्हणजे काय चीज होती, ते आज सांगून पटायचं नाही. चीनचा चहा असो की जमैकाची साखर, त्यांच्या तोफांना विचारल्याशिवाय बंदर सोडत नसे. मोठमोठे महासागर मान खाली घालून ऐकत होते, तिथे आंबेखोलच्या समुद्राने कुणाच्या जिवावर नाही म्हणायचं? त्याने ऐकलं.

पुढे इंग्रज गेले. बंदराचा ताबा घ्यायला कचेरीतून एक कारकून आला. ‘कंदील दोन, तोफ एक (गंजकी), समुद्र एक (ओला, चालू स्थितीत)’ अशी यादी करून त्याने झोकात सही ठोकली. हुकूम रद्द झाला का, हे मात्र विचारायचं राहिलं. विचारायचं तर इंग्रजीतून विचारावं लागलं असतं, आणि जेवणाची वेळ झाली होती.

आता सगुण निवृत्त होत होता आणि त्याच्याबरोबर त्याची जागाही रद्द होणार होती. अडतीस वर्षांत तो एक रात्र गावाबाहेर राहिला नव्हता. मुलगी कोल्हापुरात दिली होती, तिचं घर त्याने अजून पाहिलं नव्हतं. जाण्यासाठी त्याचा जीव तुटत होता. पण तो गेला की चाळीस होड्या कायमच्या चिखलात, आणि होड्या चिखलात म्हणजे चुली थंड.

बंदर निरीक्षक खानवलकर बाईंनी थेट लंडनला पत्र घातलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र मोठं अदबीचं होतं. आंबेखोलच्या समुद्राने एकशे शहाऐंशी वर्षं बजावलेल्या सेवेबद्दल आभार मानले होते. हल्ली बोटी कमी झाल्या आहेत आणि समुद्र मात्र तेवढेच आहेत, त्यामुळे अधिकारी पाठवता येत नाही, असंही कळवलं होतं. सोबत हुकूम रद्द केल्याचा कागद होता. तो समुद्रासमोर मोठ्याने वाचावा आणि निशाण टपालाने परत करावं.

बाई नियमाला पक्क्या. निशाण त्यांनी कागद वाचायच्या आदल्याच दिवशी टपालात टाकलं.

गुरुवारी सकाळी गाव धक्क्यावर जमलं. सगुणची बायको द्वारका जरीकाठाचं लुगडं नेसून, पिशवीत नातीसाठी खाजं घेऊन तयार उभी होती. पावणेअकराची एसटी गाठायची होती. समुद्र नेहमीच्या जागी येऊन थांबला. बाईंनी कागद वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

समुद्र जागचा हलला नाही.

“ऐकलं ना त्यानं?” बाईंनी विचारलं.

“ऐकल्यान,” सगुण म्हणाला. “पण आता वाट कोणाची बघूची, ताच त्याका कळना नाय.”

“कायद्याने तो मोकळा आहे.”

“मोकळो आसा, मॅडम. पण सवय कोण काढतलो?”

सव्वादहा झाले. होड्या चिखलात तशाच कलंडलेल्या होत्या. सगुणने खाली मान घालून द्वारकेला म्हटलं, “तू जा गो कोल्हापुराक. मी रवतंय.” असं म्हणताना त्याचा आवाज फाटला, आणि तो द्वारकेला सहन झाला नाही.

तिने पिशवी बाईंच्या हातात दिली, पदर खोचला आणि धक्क्याच्या टोकाशी गेली.

“काय रे, दारात कित्याक उभो रवलंस? परको काय तू? ये भितुर! कोकण आपलाच आसा!”

गाव चपापलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जाई, मासळी मागितली जाई, पण घरात ये असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते खातं इंग्रजांचं, असाच सगळ्यांचा समज होता.

समुद्र जरा घुटमळला. मग आला. होड्या एकेक करून उठल्या आणि लोकांनी एकच ओरडा केला. सगुण तर उघड उघड रडला.

“पण उद्या कोण बोलवतलो त्याका?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“घरच्याक रोज बोलवचा लागता काय?” द्वारका म्हणाली. “चल, एसटी जायत.”

तिने बाईंकडून पिशवी घेतली आणि दोघं लगबगीने निघाली. मागोमाग समुद्र निघाला. भंडारवाड्यातून, शाळेवरून, रस्त्याची डावी बाजू धरून तो एसटी स्टँडपर्यंत आला आणि फलाटाखाली घोटाभर उभा राहिला. मागून आलेल्या बाईंनी वहीत नोंद केली: ‘समुद्र स्थानकापर्यंत हजर. हरकत नाही.’

गाडी आली. कंडक्टरने दारातूनच खाली बघितलं.

“ह्येचा तिकीट?”

“तो येणा नाय,” सगुण आत चढत म्हणाला. “सोडूक इलोहा. घरचोच आसा.”

“मग मागे सर म्हणा जरा, चाक भिजता.”

समुद्र दोन हात मागे सरला. सगुणने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, “येतंय रे.” कंडक्टरने दोन कोल्हापूर फाडली आणि घंटी मारली.