तोंड काढायचे राहून गेले

उत्तर दलदलीत, सातव्या खांबाच्या डाव्या अंगाला, एक इसम उभा आहे व त्याला तोंड नाही, अशी तक्रार एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कंपनीच्या तक्रार कक्षात दाखल झाली.

कंपनी संगणकावरचे खेळ बनवीत असे. तिचा सर्वांत चालणारा खेळ राक्षस, तलवारी आणि मंतरलेल्या जंगलांचा होता. उत्तर दलदल हा त्यातलाच एक ओलसर, दुर्लक्षित कोपरा. तक्रारींना उत्तरे देण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांचे अधिकृत पद ‘वरिष्ठ प्रतिसाद सहायक’ असे होते. पण एवढे म्हणायला कोणाला सवड नसल्याने सगळे त्यांना उत्तरनीस म्हणत. एकवीस वर्षे ते त्या खुर्चीवर होते. तक्रार खोटी असली तर सौजन्याने आणि खरी असली तर अधिक सौजन्याने उत्तर द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता.

ते जिना चढून चित्रकाराकडे गेले. चित्रकाराने फाइल उघडली. इसमाला डोळे होते, नाक होते, हनुवटीवर तीळसुद्धा होता. तोंड नव्हते. मग चित्रकाराला आठवले. तोंड जेवणानंतर काढू म्हणून त्याने ठेवले होते आणि जेवणानंतर ‘कामातील एकाग्रता’ या विषयावर तीन तासांची सक्तीची बैठक झाली होती. उद्या बसवून देतो, असे तो म्हणाला.

उत्तरनीसांनी खाली येऊन उत्तर लिहिले : ‘आपण निदर्शनास आणलेली बाब खरी आहे. सदर इसमाचे तोंड काढायचे राहून गेले आहे. योग्य वेळी ते देण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ आणि ते जेवायला गेले.

जेवून येईपर्यंत धर्म स्थापन झाला होता.

वास्तविक या खेळाला धर्म आधीपासूनच होता. त्यासाठी कंपनीत स्वतंत्र दैवत विभाग होता. तिथल्या तीन कर्मचाऱ्यांनी खपून बारा देव, त्यांच्या वंशावळी, त्यांचे रुसवेफुगवे आणि तीनशे पानांची संहिता तयार केली होती. चार वर्षांत एकाही खेळाडूने ती उघडल्याची नोंद नव्हती. पर्जन्यदेवाच्या मंदिराचा उपयोग लोक जास्तीचे भाले टेकवून ठेवायला करीत. बारा देव बोलत असत, हेच बहुधा त्यांच्या मुळावर आले असावे.

खेळाडूंच्या चर्चामंचावर उत्तरनीसांच्या उत्तराची चिरफाड सुरू झाली. एका गटाचे म्हणणे असे की, ‘राहून’ हा शब्द ‘गेले’च्या आधी आला आहे. म्हणजे तोंड राहिले आहे, ते तिथेच आहे. पाहणाऱ्याची लायकी नाही म्हणून दिसत नाही. दुसऱ्या गटाने दाखवून दिले की क्रिया ‘गेले’वर जाऊन थांबते. म्हणजे तोंड होते, काही काळ राहिले, आणि लोकांचे वागणे बघून गेले; योग्य वेळी ते परत देण्यात येईल, असे कंपनी स्वतःच लिहून देते आहे. तिसरा गट लहान पण कडवा होता. तो ‘काढायचे’ या शब्दावर अडून बसला. काढायचे म्हणजे काढून टाकायचे. सगळ्यांचीच तोंडे काढून टाकायची होती, ते काम राहून गेले आहे. हा गट बाकीच्या दोघांशी बोलत नसे.

राहूनपंथी, गेलेपंथी आणि काढपंथी ही नावे बुधवारपर्यंत रूढ झाली.

उत्तरनीस सरळ मनाचे होते. गैरसमज झाला आहे, तो दूर केला पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी एका ओळीचा खुलासा टाकला : ‘चित्रकार विसरला.’ संध्याकाळपर्यंत त्या दोन शब्दांवर एकशे दहा लेख आले. निर्माता आहे, हे कंपनीने प्रथमच मान्य केले होते. शिवाय तो विसरतो, म्हणजे तो क्षमाशील असणार, असाही एक विचार पुढे आला.

गुरुवारी संचालकबाईंनी त्यांना बोलावून घेतले. खुलासा कोणाला विचारून केला, असे त्यांनी विचारले.

“जे खरं होतं ते लिहिलं, बाई.”

“खरं काय ते धोरणात्मक बाबीत मोडतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “ते तुमच्या अधिकारात येत नाही.”

मग त्यांनी आकडे दाखवले. दलदलीतली हजेरी चौदापट झाली होती. लोक राक्षस मारायचे सोडून गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभे राहत होते. त्याच दिवशी परिपत्रक निघाले : सदर इसमाबाबत यापुढे काहीही नाकारू नये, काहीही कबूल करू नये, आणि जे लिहावयाचे ते अपूर्ण लिहावे. चित्रकाराला ती फाइल उघडण्यास लेखी मनाई झाली. बारा देवांना एका सहीने निवृत्त करून दैवत विभागाचे तिघेही उत्तरनीसांच्या हाताखाली देण्यात आले. त्यांतल्या वडीलधाऱ्या बाईंनी चार वर्षे देवांची नाती जुळवली होती. आता त्या दिवसभर वाक्यांच्या शेवटी टिंबे देत.

इथपर्यंत उत्तरनीसांनी निभावून नेले. नोकरी म्हटली की असल्या गोष्टी चालायच्याच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढच्या रविवारी ते थोरल्या भावाकडे गेले, आणि दाराबाहेर त्यांना चपलांचे अकरा जोड दिसले.

दादा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कशावरही विश्वास न ठेवणे हे त्यांचे नोकरीतले काम होते आणि घरातला स्वभाव. डॉक्टरांनी ताप आहे म्हटले तरी ते थर्मामीटर कोणत्या वर्षी तपासून घेतला ते विचारत. गेल्या वर्षी पडून मनगट मोडले, तेव्हा बोटांना व्यायाम म्हणून उत्तरनीसांच्या मुलीने, म्हणजे त्यांच्या पुतणीने, त्यांना हा खेळ लावून दिला होता. बोटे सुधारली. दादा दलदलीत पोचले.

आत हॉलमध्ये अकरा माणसे बसली होती. दादा मध्यभागी उभे राहून ‘योग्य वेळी’ या दोन शब्दांचा अर्थ उलगडून सांगत होते. शहरातल्या गेलेपंथीयांचे ते प्रमुख झाले होते. धाकट्या भावाला बघताच त्यांनी सगळ्यांना ओळख करून दिली, “ज्याच्या हातून ते वाक्य लिहिलं गेलं, तो हा.” अकराही जण उठून उभे राहिले.

उत्तरनीसांना कानकोंडे झाले. लोक गेल्यावर त्यांनी दादांना स्वयंपाकघरात गाठले आणि जेवणाची सुटी, एकाग्रतेची बैठक, सगळे सविस्तर सांगितले. दादांनी ते तक्रारदाराचा जबाब ऐकावा तसे ऐकून घेतले.

“वाक्य तू लिहिलंस, हे मान्य,” ते म्हणाले. “पण लिहिलंस म्हणून तुला ते कळलं, असं कुठाय? पोस्टमन काय पत्रं वाचतो?”

साक्षीदार आणतो, असे उत्तरनीस म्हणाले. आण, दादा म्हणाले. वहिनी चहा गाळत होत्या. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या.

“भाऊजी, एक सांगू? निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हे माझ्याशीसुद्धा तोलूनमापून बोलत होते. आता घरात माणसं येतात, हे हसतात. परवा मला विचारलं, दमलीस का. तुम्ही साक्षीदार नाही आणलात तर चालणार नाही का?”

उत्तरनीसांना वाईट वाटले. तरी पुढच्या रविवारी ते चित्रकाराला घेऊन गेलेच. आपल्या सख्ख्या भावाने एका चुकीपुढे हात जोडावेत, आणि ती चूक आपल्याच कक्षातून मंजूर झालेली असावी, हे त्यांना सहन होईना.

चित्रकार खुर्चीच्या कडेवर बसला. काय झाले ते सांग, असे उत्तरनीसांनी त्याला सांगितले.

“आधी मला वाटायचं की विसरलो,” तो म्हणाला. “पण त्या आठवड्यात मी बत्तीस माणसं काढली. एकतिसांना तोंडं दिली. मग ह्याचंच कसं विसरलो? आणि बैठक त्याच दिवशी कशी लागली? मी राहूनपंथात गेलोय, साहेब. गेल्या मंगळवारपासून.”

दादांनी तो चुकीच्या पंथात गेल्याबद्दल खेद व्यक्त केला. पण साक्ष ग्राह्य धरली. मग ते भावाकडे वळून म्हणाले, “तू आता रविवारी येत जाऊ नकोस. लोकांची मनं विचलित होतात. एरवी ये.” एरवी दादा दलदलीत असत. दोघे भाऊ चार महिने भेटले नाहीत.

त्या चार महिन्यांत पंथांचे वैर वाढत गेले. कंपनीच्या उपाहारगृहात तीन पंथांची तीन टेबले झाली. उत्तरनीस कोणत्याच पंथाचे नसल्याने त्यांना उभ्याने जेवावे लागे. राहूनपंथीयांनी कंपनीकडे इसमाच्या मुखदर्शनाची वेळ ठरवून मागितली, गेलेपंथीयांनी त्यावर हरकत घेतली, काढपंथीयांनी कोरा अर्ज पाठवला. कंपनीने मुखविषयक सल्लागार समिती नेमली. समितीने नऊ बैठकांनंतर, या विषयावर तोंड उघडणे कोणाच्याही हिताचे नाही, असा एकमुखी निष्कर्ष काढला.

निकाल लागला तो भलतीकडूनच. वर्षअखेरीला कंपनीने अर्धवट राहिलेली कामे आपोआप पूर्ण करणारी एक नवी यंत्रणा बसवली. ही यंत्रणा परिपत्रके वाचत नसे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिने एक कुंपण पूर्ण केले, दोन घोड्यांना शेपट्या लावल्या आणि सातव्या खांबापाशी उभ्या इसमाला तोंड दिले. तोंड असलेल्या प्रत्येक किरकोळ पात्राला एक वाक्य आपोआप मिळत असे. त्या क्षणी दलदलीत दोन लाख माणसे उभी होती. इसमाने तोंड उघडले आणि तो म्हणाला, “इथे काही नाही. पुढे चला.”

उत्तरनीस कचेरीतून तडक निघाले. त्यांना जिंकल्यासारखे अजिबात वाटत नव्हते. वाटेत त्यांना वहिनींचे जिन्यातले बोलणे आणि दादांची ती तोलूनमापून बोलण्याची दोन वर्षे आठवत राहिली. कसे सांत्वन करावे याची त्यांनी मनातल्या मनात तीन वाक्ये तयार केली. तिन्ही पूर्ण होती.

दार वहिनींनी उघडले. हॉलमध्ये चाळीस माणसे दाटीवाटीने बसली होती. गेल्या चार महिन्यांत दादा इतके ताजेतवाने कधी दिसले नसतील.

“दादा, ऐकलंस ना तो काय म्हणाला?”

“ऐकलं.”

“इथे काही नाही म्हणाला. त्याच्या स्वतःच्या तोंडानं.”

“बस,” दादांनी त्यांना सरकून जागा करून दिली. “तीस वर्षं मी दुकानं तपासली. ज्याच्याकडे खरंच काही नसायचं, तो दुकानदार मुकाट्यानं वजनं पुढे करायचा. ‘साहेब, इथे काही नाही, पुढे चला’ असं जो म्हणायचा ना, त्याच्याकडे हमखास सापडायचं. आम्ही कोणी पुढे जाणार नाही.”

चाळीस माना हलल्या. संध्याकाळपर्यंत दलदलीत पाच लाख माणसे झाली. तिन्ही पंथ एक झाले, कारण आता हटायचे नाही यावर सर्वांचे एकमत होते. उत्तरनीसांना वहिनींनी चहा दिला, आणि भावाच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी तो प्यायला. बऱ्याच दिवसांनी चहा चांगला लागला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले.

पण गप्प बसवेना. त्यांनी रजा घेतली आणि घडलेली हकीकत, पहिल्या तक्रारीपासून चहापर्यंत, जशीच्या तशी लिहून एका मासिकाकडे पाठवली. संपादकांनी ती छापली. वर स्वतःची टीप जोडली की, तोंड नसलेला इसम हे समाजातील मूक वर्गाचे विदारक प्रतीक आहे. अंक बाहेर पडल्यावर त्रेचाळीस वाचकांनी पत्रे लिहिली. संपादकांना काहीच समजलेले नाही, यावर सर्वांचे एकमत होते. पुढे प्रत्येकाचा इसम वेगळा होता. एकाला तो आपला वरिष्ठ वाटला, एकीला नवरा. एका निवृत्त प्राध्यापकांनी सातव्या खांबाच्या सात या आकड्यावर चौदा पाने लिहिली.

वहिनींचा फोन मात्र वेगळा होता.

“भाऊजी, वाचलं सगळं. चित्रकार तोंड काढायचं विसरला, एवढंच आहे ना?”

उत्तरनीस खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढंच आहे, ते म्हणाले, अगदी एवढंच.

“तेच म्हटलं मी ह्यांना.” मग वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण मी चहा गाळत होते असं मुद्दाम लिहिलंत, त्याचा अर्थ काय घ्यायचा?”

उत्तरनीस हल्ली अशा प्रश्नांना उत्तर देत नाहीत. लिहिले आहे तेवढेच आहे, असे म्हणणारा वाचक त्यांना अजून भेटलेला नाही. आणि इथपर्यंत वाचून तुम्ही ज्या नजरेने थांबला आहात, ती बघता इतक्यात तो भेटेल असे वाटत नाही.