एक क्विंटल एकवीस

कस्तुराबाईंच्या पोस्टकार्डाला डॉक्टर राजपाल ओव्हाळ यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ते कार्ड नंदानं स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं होतं. नवऱ्याला दोन्ही वेळा जेवताना ते दिसावं म्हणून.

कार्डावर मजकूर थोडाच होता. 'डाक्टरसायेब, रामराम. म्हशींना घटसर्पाची लस टोचायला वरच्या वस्तीवर येणार का न्हाय, येवढं लिवून कळवा. तोंडी सांगू नका. मागच्या सायबांनी तोंडी लई सांगितलं.'

राजपाल धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी जनावरांचे डॉक्टर म्हणून नव्यानं आले होते. वरची वस्ती डोंगरावर. वाट म्हणजे सुटा मुरूम आणि त्यात पेरल्यासारखे दगड. गाभण म्हशी त्या उतारावरून खाली आणता येत नव्हत्या, आणि लस बर्फाच्या डब्यातून वर न्यावी लागे. चालत जायचं तर अर्ध्या वाटेत बर्फ वितळला असता, आणि बर्फाच्या आधी डॉक्टर. एकदा ते स्कूटरवरून निघाले होते. पहिल्याच चढाला मागचा शॉकअप 'कट्' असा आवाज करून बसला, तो बसलाच. स्कूटर ढकलत खाली आणताना शेळ्या राखणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. डॉक्टरांना त्या पदरांचीच जास्त भीती वाटत होती.

'येतो' असं लिहावं तर ते खोटं. 'येत नाही' असं लिहावं तर लाज. आणि पावसाच्या आत लस टोचली नाही तर म्हशींचं काही खरं नव्हतं.

"अहो, एका शब्दाचं उत्तर," नंदा म्हणाली. "त्याला काय ग्रंथ लिहायचाय?"

"मसुदा करतोय."

"मसुदा ठेवा गुंडाळून. डोंगर चढणारी गाडी घ्या."

"मला पेलणारी गाडी असते का?"

"ट्रक असतो की. पण तो वाटेत मावायचा न्हाय."

गाडीबद्दल विचारायचं तर शेजारच्या ईट गावच्या अमरसिंहला. तो अंगानं काडीसारखा, पण त्याची मोटरसायकल एवढी अवजड की ती सुरू झाली की गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरत. डॉक्टरांना त्यानं आपादमस्तक न्याहाळलं.

"जाड माणसाला जाड गाडी. साधा हिशेब हाय. बारक्या गाडीवर तुमी म्हंजे सुतळीवर पोतं. माझी चालवून बघा."

डांबरी रस्त्यावर सगळं झकास झालं. डॉक्टरांच्या खाली गाडी हलेना, कुरकुरेना. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखाद्या वाहनाला शोभतो असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ती उसाच्या कडेच्या पायवाटेला घातली. सकाळीच पाणी दिलेलं रान होतं, काळीभोर माती. गाडी आधी हळू झाली, मग थांबली, मग थोडा विचार केल्यासारखी डावीकडं कलली आणि डॉक्टरांना सोबत घेऊन शांतपणे आडवी झाली.

माणसं धावली. त्यांनी डॉक्टरांना उपसून काढलं, पण गाडी निघेना. मग बैल आणले. त्यातल्या एकाला डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात सुई टोचली होती. त्यानं डॉक्टरांना ओळखलं आणि पुढं पाऊल टाकायचं साफ नाकारलं. शेवटी डॉक्टर उसात लपून बसले, तेव्हा कुठं बैल जुंपता आले.

"डॉक्टर," चिखल पुसत अमरसिंह म्हणाला, "गाडीला तुमी झेपलात. रानाला तुमी दोघंबी झेपला न्हाईत."

उसात बसल्या बसल्या राजपालना एक गोष्ट उमगली होती. वजन माणसात आधीच आहे, ते पुन्हा गाडीत कशाला? गाडी हवी हलकी, स्प्रिंगा हव्यात लांब आणि टायर खाचांचे. पण ते वाचनातून आलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल साशंक असत. ही तर चिखलातून आलेली, म्हणून त्यांनी तिच्यावर थोडा विश्वास ठेवला.

धाराशिवच्या शोरूममध्ये तसली गाडी कोपऱ्यात उभी होती. उंच, सडपातळ, कुंपणावरून उडी मारायच्या बेतात असलेल्या बोकडासारखी. तिथला मिस्त्री महांतप्पा डॉक्टरांच्या उंचीकडं आणि मग रुंदीकडं बघून हळहळला.

"सायब, ही डोंगरदऱ्यात फिरणाऱ्या उंच माणसांची गाडी. काल कॉलेजची पोरं येऊन गेली, त्यांच्याबी टाचा टेकंनात. तुमाला चढायलाच शिडी लागंल."

डॉक्टर वळलेच होते. नंदानं त्यांची बाही धरली.

"एवढ्या लांब येश्टीनं आलोय ते काय वास घ्यायला? बसून बघा."

महांतप्पानं गाडी धरली. डॉक्टरांनी फूटरेस्टवर पाय दिला, डोळे मिटले आणि टांग टाकली. गाडीतून 'सुस्स' असा लांब उसासा आला. डॉक्टरांनी डोळे उघडून खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय फरशीवर होते, टाचांसकट.

"मोडली का?" त्यांनी हळूच विचारलं.

महांतप्पा वाकून खालून बघून आला. "मोडली न्हाय सायब. बसली. ज्या पोरांच्या टाचा टेकंनात, ती हलकी होती. गाडी त्यांना मोजतच नव्हती."

"समजूतदार आहे," नंदा म्हणाली. "माणूस बघून वाकते."

सौदा जवळजवळ झाला. तेवढ्यात महांतप्पानं पाना हातात घेऊन विचारलं, "सायबांचं वजन किती? मागची स्प्रिंग त्या हिशेबानं कसावी लागती."

राजपालनी नंदाकडं पाहिलं. घरात त्यांचं वजन नव्वद किलो होतं. गेली कित्येक वर्षं तेवढंच होतं, कारण घरात तेवढंच सांगितलेलं होतं.

"नव्वद," ते म्हणाले.

नंदा छताचा पंखा बघू लागली. महांतप्पानं नव्वदच्या हिशेबानं स्प्रिंग कसली आणि डॉक्टर चक्कर मारायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. 'धाड!' परत येताना पुन्हा तोच गतिरोधक. 'धाड!' पानटपरीवरची दोन माणसं उठून बघायला आली.

"सायब, नव्वदची गाडी अशी बोलत न्हाय," महांतप्पा म्हणाला. "डोंगरात ही असं बोलली तर स्प्रिंग जाईल न्हाय तर तुमचा मणका. खरं सांगा."

खरं म्हणजे खरं वजन राजपालना ठाऊकच नव्हतं. घरचा काटा शंभरला थांबत असे, आणि डॉक्टर त्याच्याही आधी, नव्वदला. पण वरच्या वस्तीची वाट खोट्या आकड्यावर चढता येणार नव्हती.

"चला," नंदा म्हणाली. "मोंढा जवळच आहे."

मोंढ्यातल्या एका आडतीपुढं सोयाबीनची मापं चालली होती. काट्यावर शंभुलिंग होता. पोतं चढलं की आकडा ओरडून सांगायचा, म्हणजे पलीकडं बसलेला मुनीम बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन सोडून लिहून घेई, ही तिथली रीत. नंदानं त्याला अडचण सांगितली. त्यानं पोतं उतरवलं आणि डॉक्टरांना हातानं खूण केली. डॉक्टर चढले.

"जरा हळू सांगा," ते कुजबुजले.

पण शंभुलिंगचा गळा सवयीचा गुलाम होता. "एऽऽक क्विंटल एकवीऽऽस!"

आख्खा मोंढा वळला.

"बारदाना वजा करू का?" मुनीम मान वर न करता म्हणाला.

"पँट, शर्ट आणि बूट," नंदा म्हणाली.

"किलोभर धरा," शंभुलिंगनं मुनिमाला सांगितलं.

"माल कुठला?" वाटेनं चाललेल्या एका व्यापाऱ्यानं विचारलं.

"वाशीकडचा," नंदानं सांगितलं.

व्यापाऱ्यानं घामानं भिजलेल्या डॉक्टरांकडं निरखून पाहिलं. "चांगला हाय. पर ओल जास्त हाय."

हमाल पोत्यांवर लोळून हसू लागले. राजपालनी आता जमीन दुभंगेल म्हणून क्षणभर वाट पाहिली. जमीन दुभंगली नाही. ज्या आकड्याला ते इतकी वर्षं भीत आले, तो भर बाजारात ओरडून झाला होता आणि मापं पुन्हा सुरू झाली होती. काट्यावरून उतरताना त्यांना हसू फुटलं. ते स्वतः सगळ्यात शेवटपर्यंत हसत राहिले.

शोरूममध्ये ते ताठ मानेनं शिरले. "एक क्विंटल एकवीस."

"बारदाना धरून का सोडून?" महांतप्पाचं कुणीतरी मोंढ्यात होतं, बातमी आधीच पोचली होती.

"धरून. बारदाना घालूनच चालवणार आहे."

महांतप्पानं स्प्रिंग खरीखुरी कसली. गाडी वर उचलली गेली आणि डॉक्टरांच्या टाचा अधांतरी आल्या. नुसते चवडे टेकत होते. महांतप्पा खजील झाला, पण डॉक्टर डोकं खाजवत म्हणाले, "मागं बर्फाचा डबा असणार ना? तो ठेवून बघा." पाण्यानं भरलेला जार मागं बांधला. गाडी अदबीनं बोटभर वाकली. टाचा टेकल्या. गतिरोधकावरून तीन चकरा झाल्या, गाडीनं हूं की चूं केलं नाही. पानटपरीवरची माणसं निराश होऊन परत बसली.

लसीच्या दिवशी पायथ्याशी बरीच गर्दी जमली होती. शेळ्या राखणाऱ्या बायका होत्या, आणि ईटवरून मुद्दाम आलेला अमरसिंहही होता.

"आधी म्या चालवून बघतो," तो म्हणाला. "डॉक्टरांचं काय बरंवाईट झालं तर माझ्या म्हशी कोण बघंल?"

तो चढाला भिडला. मुरमावर मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, खडे मागच्या लोकांच्या नडग्यांवर आले आणि गाडी काडीसारख्या अमरसिंहसकट घसरत खाली आली. "न्हाय जमत," तो धापा टाकत म्हणाला. "चाक पकडच घेत न्हाय. पैसे पाण्यात गेले, डॉक्टर."

राजपालनी वाटेकडं वर पाहिलं. परत जावं असं मनात येऊनही गेलं. पण डब्यात बर्फ होता, आणि बर्फ डॉक्टरांच्या मनासाठी थांबत नाही. ते बसले. गाडी वाकली. क्लच सुटला आणि मागच्या चाकानं मुरूम असा घट्ट धरला की जणू कुणी वरून दाबून धरलंय. दाबून धरलं होतंच, एक क्विंटल एकवीसनं. गाडी गरगरली नाही, घसरली नाही. दगडामागून दगड मागं टाकत ती वर निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. मागून ओरडा ऐकू आला. वळून बघायची डॉक्टरांची हिंमत नव्हती, पण तो आवाज पदराआडच्या हसण्याचा नव्हता.

"आता कळलं!" खाली अमरसिंह सगळ्यांना सांगत होता. "ह्या वाटेला मुळात वजनदार माणूसच पायजे!"

वस्तीवर डब्यातला बर्फ शाबूत पोचला. दुपारपर्यंत झाडून सगळ्या म्हशींना लस टोचून झाली. कस्तुराबाईंनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. त्या शेजारी बसून डॉक्टरांना जेवताना बघत राहिल्या.

"आलो की नाही, मावशी?" राजपालनी विचारलं. आयुष्यात इतक्या ऐटीत त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"आलात. पर माज्या पत्राचं उत्तर कुठाय?"

"मी स्वतःच आलो की!"

"त्ये तोंडी झालं," कस्तुराबाई म्हणाल्या. "डॉक्टर, साठी झाल्यावर म्या अक्षरं गिरवली. कलेक्टरापास्नं तलाठ्यापातूर समद्यांना पत्रं लिवली. एकाचंबी उत्तर न्हाय. लिवायला शिकले, आता कुणीतरी मला वाचायला काय देनार का न्हाय?"

राजपालनी उरलेली भाकरी घाईघाईनं संपवली आणि ते उठले.

खाली उतरल्यावर हात न धुताच ते पोस्टात गेले. जुने सगळे मसुदे त्यांनी मनातून खोडून टाकले आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: 'कस्तुराबाई मावशी, जयभीम. येतो. म्हणजे आलो होतो, आणि दर महिन्याला येईन. तुमच्या म्हशी छान आहेत. ठेचा त्याहून छान. तुम्ही मला पुन्हा पत्र लिहा, मी उत्तर देईन. राजपाल.' दोनदा वाचून पाहिलं, एक शब्दही बदलावासा वाटला नाही. त्यांनी कार्ड लाल पेटीत टाकलं. आत ते पडल्याचा आवाज नीट ऐकू आला.

पोस्टमास्तर प्रेमानंद बाहेर आला. त्यानं पेटी उघडली, कार्ड काढलं, त्यावर धाडकन शिक्का मारला आणि पत्ता वाचून थोडा वेळ डॉक्टरांच्या गाडीकडं बघत राहिला.

"डॉक्टरसाहेब," कार्ड पुढं करत तो म्हणाला, "वरच्या वस्तीची डाक हाय. त्या वाटेला फक्त तुमचीच गाडी चढती म्हणत्यात. न्या की जाता जाता. वजन काय फार न्हाय."