बाबांची निळी पट्टी

माझे वडील घरात जमिनीवर चिकटपट्टी लावतात. कोतोमधल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये त्यांची खोली सहा जपानी गवती चटयांची, म्हणजे सहा तातामींची. त्यातली अर्धी त्यांची, अर्धी नातीची, आणि मधे निळी पट्टी. इराची बाहुली पट्टीपलीकडे गेली की चष्म्यावरून बघत म्हणतात, "सुरू झालं लेबेन्सराउम." इरा जपानीत "हाई, हाई", म्हणजे "हो, हो" करत बाहुली उचलते.

बाबा साताऱ्याला तीस वर्षं इतिहास शिकवत होते. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, तेव्हा हा जर्मन शब्दही त्यांच्यासोबत आला. ट्रेनमध्ये कोणी शेजारच्या सीटवर बॅग ठेवली की पुटपुटणार. सायकल-स्टँडवर दुसऱ्याची सायकल आमच्या जागेच्या खुणेवर सरकली की पुटपुटणार. शेजारच्या सातो-सानची वेल मात्र गॅलरीतल्या आडोशाखालून आमच्याकडे शिरली, तेव्हा बाबा तिला रोज पाणी घालू लागले. म्हणाले, वेलीला माफ आहे, ती कोणाला हाकलत नाही.

इराने एकदा शब्दाचा अर्थ विचारला. तेव्हा बाबांनी पुस्तक मिटलं. अर्थ साधाच, जगायला लागणारी जागा, कोणालाही पटेल असा. पण हेच कारण सांगून नाझी पूर्वेकडच्या देशांत घुसले आणि तिथल्या लाखो माणसांना त्यांनी हाकललं, मारलं. "म्हणून बाळा, जागा हवी असं कोणी म्हटलं, की आधी विचारायचं, तिथे आत्ता कोण राहतंय?"

मीही ते ऐकत होतो.

या वर्षी कंपनीने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगितलं. टेबल कुठे लावायचं? सगळं घर फिरून माझी नजर बाबांच्या अर्ध्या खोलीवर थांबली. मी हसत म्हटलं, "बाबा, आता मलाही थोडं लेबेन्सराउम द्या."

हे मी बोललो. माझ्याच तोंडाने.

बाबा हसले नाहीत. "घे की," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर त्यांची पुस्तकं, सदरे, औषधांचा डबा, सगळं साताऱ्याहून आणलेल्या बॅगेत गेलं होतं. बॅगेवर आईचा फोटो. इराच्या बाजूला त्यांनी हात लावला नव्हता. स्वतःच्या भागात मात्र नवी पट्टी लावली होती, गादी जेमतेम मावेल एवढी हद्द ठेवून.

बाबा गुडघ्यांवर बसून पट्टीचं टोक अंगठ्याने दाबत होते. मला बघून म्हणाले, "खुर्ची मागे सरकायला लागेल ना तुला. दोन विती जास्तच सोडल्यात."