न घोरणाऱ्यांची उशी

जगाचे कल्याण करावयाचे असे एखाद्याने मनावर घेतले, की घरच्यांनी दोन पावले मागे सरून उभे राहावे हे उत्तम. आमच्या गल्लीत पंखे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. सारी गल्ली त्यांना खटपटराव म्हणते. त्यांनी एके दिवशी जेवता जेवता जाहीर केले, "येत्या महिन्यात पृथ्वीवरून घोरणे नाहीसे होणार." एवढे बोलून त्यांनी पाण्याचा घोट घेतला व कौतुकाची वाट पाहिली.

कौतुक झाले नाही. पत्नीने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि भिंतीवरील खुंटीकडे बोट दाखविले.

खुंटीस एक निळा गणवेश लटकत होता. पत्नीच्या भावाचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. "भाऊजी, लोकांच्या पंख्यांना किती दिवस वारा घालणार? या माझ्याकडे," असे म्हणून त्याने नोकरी देऊ केली होती. नुसती देऊ केली नव्हती, गणवेशही धाडला होता, आणि त्याच्या खिशावर मेहुण्याचे स्वतःचे नाव लाल दोऱ्याने भरलेले होते. पत्नीचे म्हणणे सरळ होते. खटपटरावांनी घोरण्यावर शोधलेली उशी बाजारात गेली, तर पुढच्या खोलीतील कामाचे मेज राहील. न गेली, तर मेज भंगारात जाईल व खटपटराव गणवेशात. छातीवर मेहुण्याचे नाव घेऊन उरलेला जन्म काढावयाचा, या कल्पनेनेच खटपटराव खुंटीकडे पाठ करून जेवू लागले.

आता उशीविषयी. खटपटरावांचे सासरे लेकीकडे राहावयास आले होते. ते दुपारी आडवे झाले, की खिडकीच्या काचा थरथरत. शेजारीण पाण्याची मोटर सुरू झाली असे समजून बादल्या घेऊन नळाकडे धावे. परंतु घोरण्याचा विषय काढला, की सासरेबुवा शांतपणे म्हणत, "जावईबापू, मी झोपतच नाही. डोळे मिटून विचार करतो." विचार फार खोल असले पाहिजेत, असे खटपटराव मनात म्हणत.

या विचारांवर उपाय म्हणून त्यांनी एका टेबलपंख्याची मान काढली. पंखा ज्या यंत्राने डावीकडून उजवीकडे पाहतो, ते यंत्र त्यांनी उशीत बसविले, आणि त्यास एका जुन्या फोनमधील माईक जोडला. घोरण्याचा आवाज माईकने ऐकला, की उशी फिरे. उशीबरोबर डोके कुशीवर वळे. डोके वळले, की घोरणे थांबे, आणि आवाज थांबला, की उशीही थांबे. सासरेबुवांवर प्रयोग यशस्वी झाला. एक बारीकशी गोष्ट राहिली होती. यंत्र पंख्याचे असल्याने डोके कुशीवर वळण्याआधी दोन्ही बाजूंना हलके हेलकावे खाई, आणि निजलेला मनुष्य "नाही, नाही" म्हणत आहे असे दिसे. खटपटरावांच्या मते शास्त्रात एवढे चालते.

उशी घेऊन ते बाजारपेठेतील गादीवाल्या शेठकडे गेले. शेठनी ती दाबून पाहिली, कानाशी धरली, आणि एकच प्रश्न केला: घेणार कोण? खटपटराव म्हणाले, जो घोरतो तो. तेव्हा शेठनी दुकानातील गिऱ्हाइकांनाच विचारून घेतले. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की ते स्वतः मुळीच घोरत नाहीत, वरच्या मजल्यावरचा मात्र घोरतो. एक बाई म्हणाल्या की त्यांचे यजमान घोरतात. यजमान शेजारीच उभे होते. ते छताकडे पाहू लागले.

"बघितलंत?" शेठ म्हणाले. "इतकी वर्षं गाद्या विकतोय, पण घोरणारा माणूस अजून दुकानात आलेला नाही. येतो तो त्याच्या शेजारी झोपणारा. आणि नवऱ्याला ही उशी भेट द्यायची म्हणजे घरात भांडण विकत घ्यायचं. तुम्ही असं करा. 'मी घोरत होतो, या उशीनं बरा झालो' असं चारचौघांत सांगणारा एक माणूस आणा. दर्शनी कपाट तुमचं."

जाता जाता त्यांनी हेही सुचविले की उशी फार टणक लागते, थोडा कापूस वाढवावा. खटपटरावांनी थोडा वाढविला नाही. काम करावयाचे तर मनापासून, या बाण्याने त्यांनी तो ठासून भरला.

सासरेबुवांना दुकानात नेणे मुळीच अवघड गेले नाही. आपण घोरत नाही हे चारचौघांत सिद्ध करण्याची संधी ते शोधतच होते. रविवारी दुपारी दुकान गजबजले होते. पत्नी आली, मुख्याध्यापक आले, छताकडे पाहणारे यजमान पत्नीसह आले, आणि मेहुणाही आला. त्याच्या काखेत निळ्या गणवेशाची घडी होती.

सासरेबुवा मधल्या पलंगावर आडवे झाले. "आता मी जागाच राहून विचार करणार आहे. सर्वांनी ऐकावं," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि तिसऱ्या श्वासाला त्यांचा विचार रंगात आला. लोक थक्क होऊन मागे सरले. उशी फिरू लागली. सासरेबुवांची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे गेली.

"अगंबाई, झोपेतसुद्धा नाहीच म्हणतायत," यजमानांच्या पत्नी म्हणाल्या.

खटपटराव उशी थांबण्याची वाट पाहत होते. ती थांबेना. ठासून भरलेला कापूस दातेरी चाकांत शिरला होता, आणि यंत्र स्वतःच घर्रर्र घर्रर्र करू लागले होते. माईकला ते घोरणेच वाटले. त्याने यंत्रास आज्ञा दिली की अधिक फिर. यंत्र अधिक फिरले व अधिक घोरले. आपलेच ऐकून आपणच चेकाळावे, ही खोड माणसातून यंत्रात कशी उतरते कोण जाणे!

त्या गोंगाटाने सासरेबुवा जागे होऊन ताडकन उठून बसले. "कोण घोरतंय इथं?" त्यांनी रागाने विचारले.

सर्वांनी पलंगाकडे पाहिले. सासरेबुवांच्या पाठीमागे उशी एकटीच मान हलवीत मनसोक्त घोरत होती.

सासरेबुवांचा चेहरा उजळला. "बघा! इतके दिवस माझं नाव घेत होते. घोरते ती ही उशी!"

खटपटरावांनी वायर ओढण्यासाठी पलंगाखाली हात घातला, पण वायर गाद्यांच्या वळकट्यांत अडकली होती. निरुपायाने ते उशीवर बसले. उशीने त्यांनाही डावीकडून उजवीकडे हलविले, आणि आपल्या शोधावर बसून शोधक स्वतः नकार देत आहे असा देखावा सर्वांनी पाहिला. शेवटी पत्नीनेच भिंतीवरचे बटण बंद केले. मेहुण्याने गणवेशाची घडी उलगडली व भाऊजींच्या खांद्याशी धरून माप पाहिले. खटपटरावांनीही हात वर केले.

तेवढ्यात छताकडे पाहणारे यजमान खाली पाहू लागले. त्यांनी खाकरून विचारले, "ही उशी खरंच घोरते?"

खटपटरावांनी मान खाली घालून कबूल केले.

"मग मला एक द्या," यजमान म्हणाले आणि पत्नीकडे वळले. "सांगत नव्हतो तुला? उशीचं असतं ते." मुख्याध्यापक म्हणाले की वरच्या मजल्यावरच्यासाठी ते एक नेतील, व आधी काही दिवस स्वतः वापरून पाहतील. मग दोघे-तिघे आणखी पुढे झाले. शेवटी मेहुण्यानेही शेठच्या कानाशी लागून आपली एक उशी सांगून ठेवली आणि गणवेशाची घडी पुन्हा काखेत मारली.

शेठनी खटपटरावांना बाजूस घेतले. जेवढ्या होतील तेवढ्या उशा त्यांना हव्या होत्या. वर मोठ्या अक्षरांत दोऱ्याने भरायचे, 'घोरणारी उशी'. अट एकच. आतले यंत्र काढायचे, नुसता कापूस भरायचा.

"पण शेठ, यंत्र काढलं तर ती घोरणार कशी?" खटपटरावांनी उशी छातीशी धरून विचारले.

"घोरायला माणसं आहेत की," शेठ म्हणाले.

अशा रीतीने मेज वाचले. आता त्यावर पंख्यांऐवजी कापसाचे ढीग असतात. खटपटराव दिवसभर उशा भरतात, आणि मधूनच एखाद्या सुट्या यंत्रावरून मायेने हात फिरवितात. गेल्याच आठवड्यात, भरता भरता थकून, ते त्यांतल्याच एका उशीवर घटकाभर कलंडले. थोड्याच वेळात पत्नीने त्यांना गदागदा हलविले. "अहो, किती घोरता!"

खटपटराव उठून बसले. "मी नव्हे. उशी," ते गंभीरपणे म्हणाले.

पत्नीने उशी उचलली, चारी बाजूंनी दाबून पाहिली, आणि आत तर कापसाशिवाय काहीच नाही असे त्यांच्या नजरेस आणून दिले.

"तेच तर," खटपटराव म्हणाले. "म्हणून दोष सापडत नाही."