उल्काताईंना बसवण्याची पद्धत

धावपटूची खरी कारकीर्द धावणे थांबल्यावर सुरू होते. उमेदीच्या काळात त्याला कुणी क्षणभर बसू देत नाही. निवृत्तीनंतर मात्र समाज त्याला एकदा खुर्चीत बसवतो आणि पुन्हा उठूच देत नाही. यालाच कृतज्ञता म्हणतात.

अशी कारकीर्द लखनौच्या आमच्या मराठी मंडळाला उल्काताई देवधरांच्या रूपाने जवळून पाहता आली. ताई भारताकडून परदेशांत मॅरेथॉन धावल्या, खेळाडू म्हणून बँकेत लागल्या, बदलीवर इथे आल्या आणि स्पर्धांतून निवृत्त झाल्या. तेव्हापासून त्यांना उसंत नाही. चारबागपासून चिनहटपर्यंत कुठेही चार माणसे धावणार असली की ताई हिरवी झेंडी दाखवतात, शाल-श्रीफळ घेतात आणि बसतात. (शाली आता दिवाणात मावत नाहीत. नारळांची चटणी होते.)

यंदा महाराष्ट्र दिनी मंडळाने निशातगंज ते गोमतीकाठ अशी तीन किलोमीटरची मॅरेथॉन योजली. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, असे ताईंनी भीत भीत सुचवून पाहिले. ‘ती परदेशात,’ असा खुलासा अध्यक्ष श्रीपादरावांनी केला. श्रीपादराव निवृत्त शास्त्रज्ञ असल्याने त्यांच्या खुलाशानंतर शंका उरत नाही.

त्याच सभेत ताईंनी एक विचित्र मागणी केली.

“यंदा झेंडी दुसऱ्या कुणाला द्या. मला धावू द्या.”

“तुम्ही कशाला धावताय? लोक तुम्हाला बघायला येतात,” श्रीपादराव म्हणाले.

“एकटी रोज धावतेच हो. पण माणसांत धावून वर्षं झाली. शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू यावा, एवढंच वाटतं.”

ताईंना पाठिंबा द्यावा असे माझ्या मनात आले, पण तेवढ्यात चहा आला. मग मागणीवर साधकबाधक चर्चा झाली. पाहुण्याच धावल्या तर खुर्चीत कोण बसणार? पहिल्या आल्या तर स्वतःच्या गळ्यात स्वतःच पदक घालणार का? शेवटच्या आल्या तर मंडळाची काय शोभा? घामाघूम बाईला शाल पांघरायची कशी, हा सत्काराची तयारी पाहणाऱ्या मालिनीवहिनींचा प्रश्न तर बिनतोड होता. अखेर ताईंनी मनाने धावावे, असे एकमताने ठरले. (ताईंचे मत मोजायचे राहिले.)

एक मेला भल्या पहाटे धावपटू जमले. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय आणि सत्कार आटोपेपर्यंत ऊन चांगलेच चढले. परिचयात ‘परदेशांत ठिकठिकाणी धावल्या’ असे नेमके वाक्य होते. श्रीपादराव धावण्याचे महत्त्व इतके सविस्तर सांगत होते की पुढच्या रांगेतले धावपटू मांडी घालून बसले. ताई लखनौच्या मे महिन्यात लोकरीची शाल पांघरून खुर्चीत होत्या.

निवेदन करणारी कॉलेजकन्या आर्या त्यांच्या कानाशी लागली. “आंटी, आपको गर्मी नहीं लग रही?”

“लग रही है, बेटा.”

“तो उतार दीजिए ना.”

इतका सोपा उपाय मंडळाच्या एकाही सभेत सुचला नव्हता. ताई उठल्या. शाल त्यांनी बोलत्या श्रीपादरावांच्या खांद्यांवर घातली, नारळ त्यांच्या हातात दिला, हिरवी झेंडी दाखवली आणि पदर खोचला. साडीखाली धावायचे बूट होते. ते त्या घरूनच घालून आल्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

“ताई! अहो, आभारप्रदर्शन राहिलंय!” श्रीपादराव ओरडले, पण ताई धावपटूंबरोबर निघाल्याही होत्या.

ताई पहिल्या आल्या नाहीत. मागे धापा टाकत रखडणारी माणसे त्यांनी गाठली आणि शेवटपर्यंत त्यांच्याच शेजारून धावल्या. त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या, मोठ्याने हसत. व्यासपीठावर मी त्यांना असे हसताना कधीच पाहिले नव्हते. मला फार बरे वाटले. ते कुणाला दिसू नये म्हणून मी निषेधाचा ठराव मांडला.

पदके शाल पांघरलेल्या श्रीपादरावांनी दिली. पुढील वर्षापासून, प्रमुख पाहुण्यांचे गुडघे कायमचे निकामी असल्याचा डॉक्टरी दाखला पाहूनच निमंत्रण द्यावे, असेही ठरले.

जाता जाता एक गोष्ट. ताई कोणत्या देशांत धावल्या आणि कितव्या आल्या, हे मी या वृत्तांतात कुठेच लिहिलेले नाही, कारण आम्ही ते त्यांना कधी विचारलेच नाही. इथपर्यंत वाचताना तुम्हालाही ते विचारावेसे वाटले नसेल, तर मंडळाचे सभासद व्हायला आपण पात्र आहात. या, पुढच्या रांगेत बसा.